चार वर्षांच्या लेकीला घेऊन क्लाइंबिंगला जायचंय, आम्ही दोघंच आहोत, जमेल का?

रानभैरी

नमस्कार मंडळी, मी आणि नवरा दोघंही लग्नाआधीपासून क्लाइंबिंग करतो, लेक झाल्यावर सगळं बासनात गुंडाळून ठेवलं होतं ते आता परत बाहेर काढावंसं वाटतंय. लेक चार वर्षांची आहे, दाराच्या चौकटीला दोन्हीकडून पाय लावून वर चढते आणि तिथून आम्हाला हाका मारते, त्यामुळे तिला आवडेल की नाही हा प्रश्नच नाहीये. नवऱ्याचा प्लॅन असा की एक जण चढेल, दुसरा बिले देईल (खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळेल), पोरगी खाली खेळत बसेल, मग आलटून पालटून, आणि शेवटी तिलाही थोडं टॉप रोपवर (वरून अडकवलेल्या दोरावर) चढवू. ऐकायला झकास आहे पण ते "खाली खेळत बसेल" तिथे माझं गाडं अडतं, कारण ही बाई घरातसुद्धा एका जागी बसत नाही. कोणी दोघांनीच जाऊन हे केलंय का? शिवाय तिला हार्नेस (दोर बांधायचा अंगावरचा पट्टा) कसला घ्यायचा आणि सायकलचं हेल्मेट आहे ते चालेल का हेही सांगा. भीती घालणारे प्रतिसाद नकोत प्लीज, ते सासरी आणि माहेरी दोन्हीकडून भरपूर मिळालेत.

कपारीतला

भीती घालत नाही, पण दोघांत नाही जमत हो. तिसरं मोठं माणूस लागतंच.

बिले देणाऱ्याचा ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये हे तुम्हाला माहितीच आहे. आता समजा नवरा वर आहे, पुढचा होल्ड चाचपडतोय, आणि लेक उठून चालायला लागली. तुम्ही हाक मारणार, ती ऐकणार नाही, तुमची मान तिकडे वळणार, दोर द्यायचा तर तुम्ही घेत बसणार किंवा उलट. त्याला खाली घ्यायचं म्हटलं तरी वेळ जातो आणि चार वर्षांच्या पोराला नजरेआड व्हायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. म्हणजे त्या क्षणी तुमच्यावर दोन जीव आणि हात एकाच्याच दोरात अडकलेले. तुम्ही कितीही अनुभवी असा, तुमच्या कौशल्याचा यात काही संबंध नाही, माणसंच कमी पडतात.

दोघंच असाल तर सरळ लहान बोल्डरवर, म्हणजे दोराशिवाय चढायच्या बुटक्या दगडावर जा. एक चढेल, दुसरा फक्त मुलीकडे बघेल, स्पॉटिंगच्या (खाली उभं राहून पडणाऱ्याला हातांनी सावरायच्या) भानगडीत पण पडायचं नाही, म्हणजे चढणाऱ्याने स्वतः उतरून येता येईल असंच आणि तेवढंच चढायचं. आणि मुलीला पहिल्या दिवसापासून एकच नियम, की कोणी वर असेल तर गादीवर, म्हणजे खाली अंथरलेल्या क्रॅश पॅडवर पाऊल नाही. बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणं थेट जमिनीवरचं असतं, क्रॅश पॅड पोरांना उड्या मारायला अंथरलाय असंच वाटतं, आणि वरून येणाऱ्या मोठ्या माणसाखाली मूल सापडणं हीच तिथली सगळ्यात मोठी काळजी.

दोन_लेकरांची_आई

+१ तिसऱ्या माणसाला.

हार्नेसचं सांगते. इतक्या लहान मुलांना कंबरच नसते, म्हणजे कमरेचं हाड पुढे आलेलं नसतं आणि डोकं जड, त्यामुळे मोठ्यांसारखा कमरेचा हार्नेस घातला आणि मूल उलटं झालं तर ते त्यातून घसरून बाहेर येऊ शकतं. म्हणून फुल बॉडी, खांद्यावरून पट्टे आणि दोर बांधायची जागा छातीजवळ, म्हणजे लटकलं तरी डोकं वरच राहतं. लेबलवर ईएन १२२७७ हे युरोपियन मानक बघ, त्यातला टाइप बी हा लहान अंगाच्या, ४० किलोपर्यंतच्या लोकांसाठीचा फुल बॉडी असतो. पुढे कधीतरी कमरेच्या हार्नेसवर न्यायचं झालं तर पट्टा नीट आवळून दोन्ही हातांनी खाली ओढून बघायचा, कमरेवरून खाली सरकला तर अजून वेळ झालेली नाही. कोणाकडून जुना घेणार असशील तर तो किती साली बनलाय आणि त्याचं काय काय झालंय ते माहीत असेल तरच घे.

सायकलचं हेल्मेट नको. क्लाइंबिंगचं ईएन १२४९२ चं घे, ते वरून पडणाऱ्या दगडाचा विचार करून केलेलं असतं. आणि हे चढतानाच नाही, कड्याखाली असेपर्यंत डोक्यावर पाहिजे, तिच्या आणि तुमच्या पण, कारण पोरं आपलं बघून घालतात, तुम्ही काढून ठेवलंत की तीही काढणार. फक्त एक, नंतर घसरगुंडी, झोपाळे, झाडावर चढणं वगैरे सुरू झालं की ते हेल्मेट आठवणीने काढायचं. त्याचा हनुवटीचा पट्टा सहजी सुटू नये असाच बनवलेला असतो, आणि डोकं कुठे अडकून मूल लटकलं तर गळ्याला फास बसतो. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

शूजवर आत्ता पैसे घालवू नकोस, पातळ मऊ सोलचे साधे बूट पुरेत, वाढत्या पायाला घट्ट क्लाइंबिंग शूज तर अजिबात घालू नकोस.

आडवाट

एवढा बाऊ करायची गरज आहे का? आम्ही पोराला फुल बॉडी हार्नेस घालून मागच्या बाजूने एक लांब दोर झाडाला बांधतो, तो मातीत खेळत बसतो, आम्ही दोघं आळीपाळीने चढतो. लोक बघतात पण पोरगा सुखात आहे.

कपारीतला

@आडवाट, तुम्ही करताय ते करणारे बरेच आहेत माहीत आहे, आणि खाली दरी असेल तर मुलाला दोराला ठेवणं बरोबरच, पण ते मोठं माणूस शेजारी असताना. लांब दोर मुलाच्या मानेला गुंडाळला जाऊ शकतो, आणि तुम्ही बिलेवर असताना तो सोडवायला जाणार कोण? शिवाय बांधलेल्या मुलाला वरून दगड आला तर पळताही येत नाही. बांधायचं तर दोर आखूड आणि माणूस हाताच्या अंतरावर. म्हणजे परत तिसरा माणूस आलाच की.

आडवाट

मानेचा मुद्दा मान्य. दोर आखूड करतो. बाकी सगळं पटलेलं नाही पण ठीक आहे.

आजी_ऑन_ड्यूटी

मी ते तिसरं माणूस आहे. लेक आणि जावई चढतात, मी नातवाला बघते, म्हणून माझंही ऐका.

तिसऱ्या माणसाला "चला ना, मस्त हवा आहे" असं सांगून नेऊ नका. तो दिवसभराचा पहारा असतो, पुस्तक वाचता येत नाही, डुलकी काढता येत नाही. म्हणून आधीच ठरवा, प्रत्येकाने अमुक एक रूट चढायचा आणि मग सगळ्यांनी पोराबरोबर. आमच्याकडे पूर्वी "हा शेवटचा" म्हणत म्हणत संध्याकाळ व्हायची, आता मी नातवाची झोपेची वेळ सांगते आणि त्याआधी सगळं गुंडाळायला लावते. झोपमोड झालेलं मूल कड्याखाली सांभाळून बघा म्हणजे कळेल.

जागा निवडायलाही मला नेतात आता. मला चढण कशी आहे त्याचं काही नाही, मी खालची जमीन बघते. सपाट आहे का, सुट्या दगडांचा उतार नाही ना, पलीकडे धार नाही ना, पाणी जवळ नाही ना, सावली आहे का, आणि वर दुसरी कोणी मंडळी चढत नाहीत ना. मधमाश्यांचं पोळं तर मान वर करून शोधायचंच, पोळं दिसलं तर त्या बाजूला फिरकायचं नाही. आणि चालत किती आहे ते पोराच्या चालीने मोजा, त्याला वाटेतल्या प्रत्येक मुंगीची चौकशी करायची असते.

नातवाला एक खेळ शिकवलाय, कोणीही "दगड!" ओरडलं की वर बघायचं नाही, पळत येऊन कातळाला चिकटायचं. तो आता घरी पण भिंतीला चिकटून उभा राहतो, पाहुणे घाबरतात.

रानभैरी

आजी, तुम्ही भाड्याने मिळता का? 😄 नवऱ्याला हा धागा वाचायला दिला, थोडा हिरमुसला पण "बोल्डरिंग तर बोल्डरिंग" म्हणाला. माझ्या धाकट्या भावाला पण विचारणार आहे, मामा म्हणून तिचं त्याच्याशी फार जमतं, तो आला तर टॉप रोप लावू. आता पुढचा प्रश्न, ती वर चढेल यात शंका नाही पण उतरणार कशी? चौकटीवरून पण तिला उचलूनच घ्यावं लागतं.

दोन_लेकरांची_आई

अगं हाच तर खरा प्रश्न आहे, चढणं सगळ्यांना येतं. माझी धाकटी सरसर वर गेली आणि तिथे कातळाला मिठी मारून बसली, "हात सोड" म्हटलं की डोळे मिटायची. दोर छातीजवळ दोन्ही मुठींत असा धरलेला की बोटांची पेरं पांढरी. म्हणून आधी उतरायला शिकव. जमिनीपासून जेमतेम तुझ्या गुडघ्याइतकं चढवायचं, आणि तिथेच हार्नेसमध्ये बसायला लावायचं, खुर्चीत बसल्यासारखं मागे टेकायचं, पाय पसरून कातळावर, मग हात सोडून टाळी वाजवायची. टाळी जमली की जरा वर. ज्या उंचीवर टाळी वाजत नाही त्याच्या वर त्या दिवशी जायचं नाही, मग भले बाकीचा रूट तसाच राहो.

कपारीतला

यात एक तांत्रिक गोष्ट घाला. चार वर्षांचं मूल म्हणजे १५-१६ किलो, दोर अँकरमधून (वर दोर अडकवलेल्या जागेतून) फिरून खाली येतो तिथलं घर्षण आणि तुमच्या बाजूच्या दोराचं वजन यातच ते वजन खपून जातं, त्यामुळे तुम्ही ब्रेक सैल केला तरी मूल खाली येतच नाही, नुसतं लटकत राहतं आणि घाबरतं. दोर मोठ्या कॅराबिनरमधून (कडीतून) सरळ फिरू द्या, कातळाच्या कडेवर घासू देऊ नका, आणि दोर हाताने वर भरवत जा, तोही हळूहळू, एकदम ढिगाने नाही. बिलेचं आपोआप आवळणारं डिव्हाइस एवढ्या कमी वजनाला नीट सुटत नाही, साधं ट्यूबचं बरं. जिममध्ये ऑटोबिले (माणसाऐवजी बिले देणारं यंत्र) असेल तर त्यावर किमान वजन लिहिलेलं असतं ते बघितल्याशिवाय मूल अडकवू नका, कारण तेच.

रूट अँकरच्या बरोबर खालचा घ्या, बाजूला गेलं की पडल्यावर झोका बसतो. आणि वडील लोकांना खास विनंती, दोर ताणून पोराला वर ओढू नका. हे सगळीकडे बघतो, मूल हातपाय हलवतंय आणि बाप विहिरीतून बादली काढल्यासारखा ओढतोय, वर गेल्याचा फोटो मिळतो पण पोराला काही कळलेलं नसतं. थोडा ढील ठेवा.

नवीन_बाबा

धागा हायजॅक करतोय, सॉरी. आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, पाठीवरच्या कॅरियरमध्ये घालून डोंगरात जायचंय, क्लाइंबिंग नाही, नुसतं चालणं. चालेल ना?

दोन_लेकरांची_आई

आधाराशिवाय नीट बसता येत असेल तर फ्रेमच्या कॅरियरला हरकत नाही, तरी एकदा डॉक्टरांना विचारा. तुम्ही चालून घामाघूम होता आणि ते मागे हललेलंच नसतं, त्यामुळे तुम्हाला उकडत असताना त्याला थंडी वाजत असते. थांबून मानेमागे हात घालून बघायचं, आणि दर थोड्या वेळाने खाली काढून पाय मोकळे करायचे. वाकायचं झालं तर कमरेतून नाही, गुडघ्यांतून, नाहीतर बाळ तुमच्या डोक्यावरून पुढे येतं. फांद्यांखालून जाताना आपलं डोकं वाचलं म्हणजे झालं असं वाटतं पण त्याचं डोकं आपल्याहून वर असतं. पट्टे लावलेत ना, ते प्रत्येक वेळी दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या.

रानभैरी

भाऊ येतोय! पण त्याची अट अशी की त्यालाही एक रूट चढवायचा, याआधी कधी चढला नाहीये. म्हणजे त्या वेळी मी बिलेवर आणि नवरा पोरीपाशी, बरोबर ना?

कपारीतला

बरोबर. आणि भावाला पण आधी टाळी वाजवायला लावा.