मदत हवी आहे: रस्त्याकडेचे वीरगळ कसे वाचवावेत?

नमस्कार मंडळी. आमच्या गावाच्या वेशीजवळ, रस्त्याला लागूनच तीन वीरगळ (लढताना मेलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड) आणि एक सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेला दगड) आहे. आता रस्ता रुंद होणार आहे आणि मोजणीच्या खुणा थेट दगडांपर्यंत आल्या आहेत.

सगळ्यात मोठ्या वीरगळावर खालच्या चौकटीत गाई कोरल्यात, म्हणजे गोधन राखताना तो वीर मारला गेला असावा. वर अप्सरा त्याला घेऊन जातायत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात. लेख मात्र एकावरही नाही. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे, तशी ओळख आमच्या वीरांना कोण देणार?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दगड हलवायचेच झाले तर पुरातत्त्व विभागाला कळवण्यासाठी अर्ज कुणाच्या नावे करायचा? ग्रामपंचायतीचा ठराव आधी लागतो का? जेसीबीने उचलताना ते दुभंगतील ही धास्ती आहे, कारण निम्मे जमिनीत गाडलेले आहेत.

दुसरं, एकावर शेंदराचा आणि ऑइल पेंटचा जाड थर आहे. लोक त्याला देव मानतात, त्यांना दुखवायचं नाही. कोरीवकाम न खरवडता तो थर निघतो का? ॲसिड वापरू नये एवढं ठाऊक आहे.

कुणी आपल्या गावात हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. वेळ थोडा आहे.