मांडवा ते रत्नागिरी सायकलने, ऐन नाताळच्या सुट्टीत: गाड्यांची गर्दी, फेरीबोटी आणि गिअर (प्रश्नोत्तरं; प्रत्येक उताऱ्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

धोपटमार्ग

२६ ते ३१ डिसेंबर या सहा दिवसांत आम्ही दोघं सागरी मार्गाने मांडवा ते रत्नागिरी जाणार आहोत. मुक्काम मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे आणि शेवटी रत्नागिरी. सुट्टी तेवढीच आहे, त्यामुळे तारखा पुढेमागे करता येणार नाहीत. रस्ता अरुंद आणि त्या आठवड्यात निम्मी मुंबई-पुणे तिकडे, हे माहीत आहे. गर्दी टाळायला वेळा कशा लावाव्यात? अरुंद रस्त्यावर नेमकं कुठून चालवावं? आणि सायकलींमध्ये काही बदल करायला हवा का? दोन्ही हायब्रिड आहेत: टायर ७०० × ३५, पुढच्या चक्रांचे दात ४८-३८-२८, मागे सात गिअरचं १४ ते २८ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच), रिम ब्रेक. सामान प्रत्येकी साधारण १४ किलो, सगळं मागच्या कॅरिअरवर दोन पॅनिअरमध्ये (बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत).

खाडीपलीकडे

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताय हे उत्तम. डिसेंबरात सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि मंद असतो, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा सुटतो. म्हणजे दमलेल्या वेळी वारा पाठीशी.

या मार्गावरची गर्दी दिवसभर सारखी नसते, ती बोटीच्या हिशेबाने येते. तुमच्या वाटेत चार फेऱ्या आहेत: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. बोट लागली की पंधरा-वीस गाड्या आणि तेवढ्याच मोटारसायकली एकदम बाहेर पडतात, आणि रांगेत तास घालवलेला प्रत्येक जण गाडी दामटत असतो. धोपावे आणि जयगडला जेटीवरून रस्ता लगेच चढाला लागतो. त्या घोळक्याच्या पुढे निघालात तर ताशी सहा-सात किलोमीटरने चढताना सगळ्या गाड्या तुम्हाला वळणावळणांवर ओलांडणार. म्हणून उतरल्यावर बाजूला थांबा, पाणी प्या, शेवटची गाडी जाऊ द्या आणि मग निघा. पुढची बोट लागेपर्यंत मागून फार काही येत नाही, चढ निवांत होतो.

उलट दिशेलाही हेच. बोट सुटायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं समोरून गाड्या सुसाट येतात, कारण एक बोट चुकली की सुट्टीत पुढच्या दोन-तीन बोटींची रांग. जेटीकडे उतरताना वळणावर कोणी तुमच्या बाजूला घुसेल हे धरूनच चला. गाड्यांच्या रांगेत मात्र तुम्हाला उभं राहायचं नाही. तिकीट काढून पायी लोकांबरोबर किंवा दुचाकींबरोबर सायकल आत घ्या. बोटीची पत्र्याची उतरंड ओली आणि शेवाळलेली असते, तिथे सायकल हातातच धरा. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

सूर्योदय साधारण ७ वाजून १० मिनिटांनी. पावणेसातला रस्ता दिसण्याइतकं उजाडतं, तेव्हाच चाकं फिरू द्या. पर्यटक नऊ-साडेनऊशिवाय खोलीबाहेर पडत नाहीत. हे अडीच तास सोन्यासारखे आहेत, त्यात नाश्त्याला थांबू नका. आदल्या रात्री केळी, चिक्की, गूळ-शेंगदाणे घेऊन ठेवा.

सगळ्यात वाईट पट्टा अलिबाग ते काशीद. पहिलाच दिवस, मांडव्यापासून मुरुडपर्यंत साधारण ७० किलोमीटर. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) सकाळची पहिली फेरी धरा. तिकीट आधीच काढा, त्या आठवड्यात मिळत नाही. रेवदंडा-साळाव पूल ओलांडला की किनारा काशीदपर्यंत देखणा आहे, पण काशीदला दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधूनच कोणी दार उघडतो, कोणी मागे न बघता रिव्हर्स घेतो. उभ्या गाडीपासून एक मीटर लांब राहा. तेवढी जागा नसेल तर उतरून चालत जा.

३१ला गणपतीपुळ्यातून उजाडताच निघा. आरे-वारेच्या चढावर फोटोसाठी गाड्या वळणातच थांबवतात, आणि दुपारनंतर तिथून जाण्यात अर्थ नाही. रत्नागिरी जेमतेम २५ किलोमीटर, दहाच्या आत पोचाल.

स्पोकपाना

सायकलींबद्दल. १४-२८ फ्रीव्हीलने हा रस्ता नको. इथले चढ लांब नाहीत, पण खाडीच्या पातळीवरून थेट सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढवतात आणि पलीकडे पुन्हा खाडीत उतरवतात, दिवसातून चार-पाच वेळा. पुढे २८ आणि मागे २८ लावून मिनिटाला ६० पेडल मारली तर वेग ताशी पावणेआठ किलोमीटर पडतो. सामानासकट ९-१० टक्के चढावर तो टिकत नाही, पेडल ४०वर येतात आणि गुडघे धरतात. १४-३४चं सात गिअरचं फ्रीव्हील बसवून घ्या. तेवढीच पेडल मारून वेग ६.४ किलोमीटर होतो. बदलल्यावर पुढे ४८ आणि मागे ३४ एकदा हळूच लावून बघा. चेन ताठ होऊन डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) पुढे ओढला जात असेल तर चेन आखूड आहे, नवी लांब चेन घाला. जुनी चेन झिजलेली असेल तर ती नव्या फ्रीव्हीलवर उड्या मारते, तेव्हाही बदलावी लागेल.

फ्रीव्हीलवाल्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे आसाचा उजवा भाग आधाराशिवाय लोंबतो. मागे १४ किलो, वर तुम्ही, आणि गावागावांत न रंगवलेले गतिरोधक: आस वाकतो, नाहीतर गिअरच्या बाजूचे स्पोक तुटतात. मागे १० किलोच्या आत ठेवा, जड वस्तू पॅनिअरच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला, तीन-चार किलो हँडलच्या बॅगेत. निघण्याआधी मागचं चाक ट्रू करून (डगमग काढून) स्पोकचा ताण बघून घ्या. गिअरच्या बाजूचे तीन स्पोक मापाचे घेऊन चला, पण ते बसवायला फ्रीव्हील काढावं लागतं, म्हणून त्याचं टूलही हवं. मोठा पाना कुठल्याही गॅरेजात मिळतो, हे टूल मिळत नाही.

कॅरिअरचे बोल्ट खडखडाटाने सैल होतात. प्रत्येकावर निळ्या लॉकटाइटचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) थेंब, आणि रोज रात्री ॲलन कीने एक फेरी. दोन ट्यूब, पॅचेस, चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), ब्रेक पॅडची एक जोडी. टायरमध्ये मागे ६५, पुढे ५५ पीएसआय पुरे. खाऱ्या हवेत आणि वाळूत चेनला जास्त तेल घालू नका, चिकटलेली वाळू दात खाते. रात्री कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब, पुन्हा पुसा.

मैलदगड

रस्त्यावर कुठे राहायचं ते राहिलंच. डांबराच्या कडेपासून पाऊण ते एक मीटर आत. अगदी कडेला चालवलं तर समोरून गाडी येत असतानाही मागचा चालक "निघेल" म्हणून घुसतो, आणि तुम्हाला सरकायला साइडपट्टीच उरते. डांबराचे थर चढत गेल्याने ती बऱ्याच ठिकाणी चार-सहा इंच खाली आहे.

खाली उतरावंच लागलं तर लगेच वर यायची घाई नको. कडेला समांतर राहून तिरकं चाक वर घ्यायला गेलात तर टायर कडेला घासत राहतो, हँडल वळतं पण चाक चढत नाही, आणि तुम्ही थेट रस्त्यात आडवे पडता, मागच्या गाडीसमोर. वेग कमी करा, पुढचा ब्रेक सोडा, मागे बघा, थोडं डावीकडे जाऊन शक्य तितक्या काटकोनात कड चढा. जमत नसेल तर थांबून सायकल उचला.

डावीकडे वळणारं आंधळं वळण असेल तर वळणाआधीच थोडं उजवीकडे या. कडेला राहिलात तर कातळाआड तुम्ही मागच्याला दिसतच नाही. वळण संपलं की डावीकडे सरकून हात करा, लोक समजून घेतात. अरुंद पुलावर मात्र लेनच्या मध्येच राहा. हँडलला आरसा आणि दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा, हे दोन्ही मी सक्तीचे मानतो.

उतारावर ब्रेक धरून ठेवू नका, रिम तापते. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. हर्णै बंदराच्या आसपास मासळीच्या टेम्पोतलं पाणी वळणांवर सांडलेलं असतं, शेखाडीजवळ वाऱ्याने वाळू येते. दोन्हीवर सरळ जायचं, ब्रेकही नाही आणि वळणही नाही.

धोपटमार्ग

फ्रीव्हील उद्याच बदलतो. दोघांत अंतर किती ठेवावं? आणि हे सगळं वाचून मुंबई-गोवा महामार्ग ६६ घ्यावा का, असंही मनात आलं.

मैलदगड

अंतर एकतर सायकलभर, नाहीतर ४० मीटरच्या वर. दहा-पंधरा मीटर सगळ्यात वाईट: गाडी एकाला ओलांडते, समोरून कोणी आलं की मधल्या फटीत शिरते आणि पुढच्याच्या मागच्या चाकाशी ब्रेक मारते. चढावर लांब, गावात जवळ.

६६ नको. रुंदी आहे, पण त्या आठवड्यात गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा वेग आणि रात्रभर चालवून डुलक्या घेणारे चालक हे सकाळी सातलाच तुमच्या मागे असतील. सागरी मार्गावर गाड्या सावकाश असतात, हा फरक मोठा आहे.

खाडीपलीकडे

परतीचं आजच बघा. रत्नागिरी स्टेशन शहरापासून बरंच लांब आणि वर सड्यावर आहे, वेळ हाताशी ठेवा. सायकल ब्रेक व्हॅनमधून (रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून) न्यायची तर गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात बुक करा. नाव, मोबाइल आणि उतरायचं स्टेशन पुठ्ठ्यावर लिहून फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणून ठेवा, म्हणजे डिरेलर आत सरकतो आणि सामानाखाली वाकत नाही. आरसा, दिवे, बाटल्या काढून जवळ ठेवा. आणि गुहागरला घरगुती जेवण हवं असेल तर दाभोळहूनच फोन करून सांगा, सुट्टीत आयत्या वेळी ताट मिळत नाही.