साकुरा फुलण्याआधीच्या दिवसांना शोभणारी व्होकॅलॉइड गाणी सुचवा

मधुरा_जपानी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या जपानी भाषेच्या वर्गाचा मार्च महिन्यात जपानमधील वसंतावर एक छोटा कार्यक्रम आहे आणि त्यात व्होकॅलॉइड, म्हणजे संगणकाने घडवलेल्या आवाजातली, गाणी निवडून ऐकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शोधायला बसले की दर वेळी ‘सेन्बोनझाकुरा’ हेच गाणे पुढे येते. मला मात्र भर वसंत नको आहे. थंडी पुरती सरलेली नाही, उमेची (जपानी प्लमची) फुले आली आहेत आणि साकुराच्या (चेरीच्या) कळ्या अजून मिटलेल्या आहेत, अशा दिवसांची गाणी हवी आहेत. कोणती घ्यावीत आणि का, हे कृपया सांगावे.

स्वरवेल

‘सेन्बोनझाकुरा’ बाजूला ठेवावे, असेच मीही म्हणेन. कुरोउसा-पी यांची २०११ मधील ही रचना मला अतिशय आवडते, परंतु साकुरा तिच्या नावात असला तरी तिचा आवेश मिरवणुकीचा आहे. हात्सुने मिकू या व्होकॅलॉइड गायिकेच्या आवाजासाठी निर्मात्यांनी मिनिटाला ७० ते १५० ठोक्यांची लय सुचवली होती आणि हे गाणे १५४ ठोक्यांवर धावते. कोवळ्या उन्हाला ते कसे मानवेल?

तुमच्या कार्यक्रमाचा कणा ‘साकुरा नो आमे’ असावा. हारुयोशी यांनी ते फेब्रुवारी २००८ मध्ये मिकूच्या आवाजात निकोनिको या जपानी व्हिडिओ संकेतस्थळावर प्रसिद्ध केले. जपानमध्ये शालेय वर्ष मार्चमध्ये संपते आणि एप्रिलमध्ये नवे सुरू होते, त्यामुळे तेथे वसंताची चाहूल आणि शाळेचा निरोप एकाच वेळी येतात. जूनमध्ये शाळा भरण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यांना हे निवेदनात आधी सांगावे, नाहीतर गाण्यातील अर्धी हुरहूर निसटून जाईल. शर्यतीत धूळ उडवलेले मैदान, अंगाला घट्ट होतो म्हणून सैल करून घातलेला गणवेश, बाकावर गिरगटलेली अक्षरे अशा बारीकसारीक खुणा सांगत सांगत ते गाणे वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाकळ्यांपर्यंत येते. पुढे खऱ्या शाळांच्या निरोप समारंभांत विद्यार्थ्यांनी ते समूहगान म्हणून गायले. संगणकाने घडवलेल्या आवाजासाठी लिहिलेले गाणे मुलांच्या कंठात उतरले, ही मला व्होकॅलॉइडच्या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

उत्तररंग

स्वरवेल यांच्याशी मी सहमत आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. टोकियोत साकुरा साधारणपणे मार्चच्या शेवटच्या दिवसांत भरात येतो आणि बहुतेक माध्यमिक शाळांचे निरोप समारंभ त्याआधीच उरकलेले असतात. म्हणजे गाण्यातल्या पाकळ्या पंचांगाच्या थोड्या पुढे आहेत. मधुराताईंना कळ्यांचे दिवस हवे असतील, तर हे गाणे शेवटी ठेवावे.

त्याआधी दोरिको यांचे २००८ मधील ‘लेटर साँग’ ऐकवावे. दहा वर्षांनंतरच्या स्वतःला लिहिलेले हे पत्र आहे. त्यात फुलांचा उल्लेख हवा असे नाही, कारण वर्ष संपताना पुढचे काही दिसत नसल्याची जी घालमेल असते ती त्यातील प्रश्नाप्रश्नांत आहे. माझ्या मते ऋतूचे गाणे ओळखायचे ते मनाच्या अवस्थेवरून, झाडांच्या नावांवरून नव्हे.

वाऱ्याचे एखादे गाणे हवे असल्यास जॉन या संगीतकाराचे २०१९ मधील ‘हारु आराशी’, म्हणजे वसंताचे वादळ, घ्यावे. रिश्शुन, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या आसपासचा दिवस, आणि वसंत संपात यांच्या दरम्यान दक्षिणेकडून येणाऱ्या पहिल्या जोरदार वाऱ्याला जपानी हवामान खाते ‘हारु इचिबान’ म्हणून जाहीर करते. त्या दिवशी पारा एकदम चढतो आणि पाठोपाठ पुष्कळदा थंडी परतते. त्या वाऱ्याची ही नोंद गाण्याआधी वाचून दाखवल्यास नावाचा जोर श्रोत्यांना जाणवेल.

मधुरा_जपानी

दोघांचेही मनापासून आभार. निवेदनाचा मोठा भाग तुमच्यामुळे सुटला. शंका एवढीच, की दोन संथ गाण्यांच्या मध्ये ‘हारु आराशी’ची खरखरीत गिटार खटकेल का?

निळी_वेणी

मध्ये ठेवू नका, त्यानेच सुरुवात करा. वाऱ्याने दार उघडले की ‘लेटर साँग’ची शांतता अधिक भरते आणि त्यानंतर ‘साकुरा नो आमे’ सहज येते.

थंडीची बाजू दाखवायची असेल, तर पडद्यावर उत्तर जपानमधील साप्पोरो शहराची छायाचित्रे लावा. मिकूची निर्माती कंपनी क्रिप्टन फ्यूचर मीडिया त्याच शहरात आहे. २०१० पासून तेथील फेब्रुवारीतील हिमोत्सवात ‘युकी मिकू’ म्हणून बर्फातली मिकू उभी राहते आणि साकुरा तेथे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी फुलतो. कार्यक्रमाची तारीख अजून ठरली नसेल, तर ९ मार्चचा विचार जरूर करावा. तिसऱ्या महिन्याची नववी तारीख जपानीत ‘मि-कु’ अशी वाचता येते, म्हणून चाहते तो मिकूचा दिवस मानतात. २०१० मध्ये त्याच तारखेला टोकियोत तिची मोठी मैफल झाली होती.

ध्वनिवर्धकाची चाचणी मात्र आदल्या दिवशीच करून घ्या. २००८ च्या सुमाराच्या मिकूच्या आवाजात वरच्या पट्टीतील स, श ही अक्षरे मोठ्या स्पीकरवर कानाला टोचतात. ‘लेटर साँग’साठी तरी वरचे स्वर थोडे कमी करून ऐकवावेत, म्हणजे शब्द स्पष्ट पोचतील.