वाचनालयातला खोका आणि फॅन सर्व्हिस

प्रेषक: अनघा
विषय: वाचनालयातला खोका
बुधवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात एक कुटुंब जपान सोडून कायमचं पुण्याला परतलं. जाताना मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, एक मोठा खोका आपल्या वाचनालयाला देऊन गेलं. मी तो न बघता मुलांच्या कप्प्यात लावून टाकला. चूक माझीच. वरवर चाळलं तेव्हा प्रत्येक कांजीशेजारी (चित्राक्षराशेजारी) बारीक फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी अक्षरं, दिसली, म्हणजे मुलांचंच असणार, असं धरून चालले.

काल माझा अकरा वर्षांचा मुलगा त्यातलं एक घेऊन बसला होता. मागून डोकावले तर पानभर गरम पाण्याचं कुंड, वाफ, आणि वाफेत बायका. गोष्ट म्हणे तलवारबाजीची! लेकीला विचारलं, तर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, ते फॅन सर्व्हिस आहे. पान उलटायचं असतं."

आता पान उलटायचं की खोकाच उचलायचा, ते गणपतीच्या आधी ठरवू या.

अनघा

---

प्रेषक: सुहास
विषय: उत्तर: वाचनालयातला खोका
गुरुवार, सकाळी ६:०५

अनघाताई,

झोपेत मेल उघडली, 'फॅन सर्व्हिस' एवढंच दिसलं आणि वाटलं, कोणाला तरी पंखा दुरुस्त करून हवाय. ओळखीच्या माणसाचा नंबर शोधायला लागलो होतो. मग आठवलं, इथल्या घरांत छताला पंखा असतोच कुठे!

बत्तीस वर्षं या देशात काढली, दिवसातून दहा वेळा 'साऽबिसु' (इथल्या तोंडचं 'सर्व्हिस') ऐकलं. पण हे काय प्रकरण आहे? कोणीतरी नीट सांगा. ज्यांना लाज वाटते त्यांनी सांगू नये, अर्धवट कळतं.

सुहासकाका

---

प्रेषक: केतकी
विषय: उत्तर: उत्तर: वाचनालयातला खोका
गुरुवार, रात्री १०:४०

काका, मला लाज वाटत नाही, म्हणून मीच सांगते. पोटासाठी सूचनापुस्तिकांची भाषांतरं करते, मांगा वीस वर्षं हौसेने वाचतेय.

हा तुम्ही रोज ऐकता तोच 'साऽबिसु'. शोतेनगाईतला, म्हणजे बाजारगल्लीतला, कोरोक्केवाला (बटाट्याच्या कटलेटवाला) पिशवीत एक जास्तीचा टाकतो आणि "साऽबिसु!" म्हणतो. म्हणजे याचे पैसे नाहीत. आपण पाणीपुरी संपल्यावर हक्काने हात पुढे करून मागतो ती सुकी पुरी, अगदी तीच. बेसबॉलचे खेळाडू कुंपणापाशी येऊन मुलांना सह्या देतात, त्यालाही इथे फॅन सर्व्हिसच म्हणतात आणि त्यात वावगं काही नाही. मांगात आणि आनिमेत (जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये) जुनं लाडकं पात्र दोन मिनिटं परत आणलं, तर तीही सर्व्हिस. पण नुसतं 'फॅन सर्व्हिस' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती अनघाने पाहिलेली वाफ. कथेला गरज नसताना, वाचक खूश व्हावा म्हणून दाखवलेलं अंग.

यात चोरून काही नसतं. १९९५ साली टीव्ही तोक्यो वाहिनीवर 'इव्हँगेलियन' ही आनिमे मालिका सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या भागाची झलक असायची, आणि त्यात मिसातो नावाची अधिकारी बाई लाडिक आवाजात सांगायची, "पुढच्या वेळीही साऽबिसु, साऽबिसु!" दुकानदार ओरडून सांगतोय, वर काय टाकणार ते. गंमत अशी की त्याच मालिकेने १९९६च्या मार्चमध्ये शेवटचे दोन भाग असे दाखवले की लोक भडकले. लढाई नाही, उलगडा नाही, नुसतं पात्रांच्या मनातलं काहूर. १९९७ साली शेवट नव्याने सांगणारा चित्रपट आला, तर दिग्दर्शक हिदेआकी आन्नोने त्यात चिडलेल्या लोकांचे शिव्याशाप भराभर पडद्यावर सोडले आणि मध्येच थिएटरात बसलेल्या प्रेक्षकांचंच चित्रण दाखवलं. सुकी पुरी मागणाऱ्याच्या हातावर आरसा! मला तो भाग अजून आवडतो.

हे सगळं मुलांच्या अंकात शिरलं कसं, तर फार आधीच. १९६८ साली 'शोनेन जंप' हे मुलांचं मांगा नियतकालिक निघालं आणि त्याच वर्षी त्यात गो नागाईची 'हारेंची गाकुएन' ही चित्रकथा सुरू झाली. मास्तरांची टिंगल आणि मुलींची छेड. शाळाशाळांतून पोरं तसंच करायला लागली, पालक-शिक्षक संघ खवळले. नागाईने काय करावं? गोष्टीतच मोठ्या माणसांची फौज शाळेवर चाल करून आणली आणि शाळेत रक्ताचा सडा घातला. अंक मात्र खपला.

टीव्हीचा हिशोब वेगळा. या जातीच्या मालिका मध्यरात्रीनंतर लागतात. काका, कार्यक्रमपत्रिकेत तुम्ही '२५:३०' अशी वेळ पाहिली असेल, म्हणजे रात्रीचा दीड. त्या वेळच्या जाहिरातींतून खर्च निघत नाही, बरीच वर्षं तो डिस्क विकूनच काढायचे. दोन भागांची एक डिस्क, सहा-सात हजार येन. मग टीव्हीवर नेमक्या जागी दाट वाफ किंवा कुठून आली ते न कळणारा प्रकाशाचा झोत, आणि डिस्कवर ती वाफ गायब. वाफ हटवायचे पैसे! म्हणजे नावाला सुकी पुरी फुकट, खरी वसुली तिच्यावरच.

माझं मत? एखादी पुरी चालते. पण काही मालिकांत पाणीपुरी नसतेच, ताटभर सुक्या पुऱ्याच. ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचं कुंड, तर इथल्या जगण्यातलीच गोष्ट, शाळेच्या सहलीही जातात. म्हणून कुंड दिसलं की दचकू नका. चित्रकाराने नजर कुठे रोखलीय ते बघा.

अनघा, तुझ्या कामाचं. फुरिगाना म्हणजे मुलाला वाचता येईल, एवढंच. पुस्तकाच्या पाठीवर आणि मलपृष्ठावर कुठल्या मालेतलं ते छापलेलं असतं. नावात 'यंग' दिसलं, यंग जंप, यंग मॅगझिन, यंग अ‍ॅनिमल, की ते सेइनेन, म्हणजे बाप्यांचं. उलटं मात्र खरं धरू नकोस. 'शोनेन' म्हणजे मुलगा, पण शोनेन मॅगझिनच्या मुखपृष्ठावरही पोहण्याच्या कपड्यातली मॉडेल असते. आणि दुकानात चाळूनही बघता येत नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असतं. आपल्या पोरांचा लाडका शिनचॅन घ्या, तोसुद्धा १९९० साली मोठ्यांच्याच साप्ताहिकात जन्मला.

केतकी

---

प्रेषक: रोहन
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: वाचनालयातला खोका
शुक्रवार, दुपारी १२:२०

केतकीताई, लिहिलंय छान, पण सुक्या पुरीने प्रकरण फार गोड झालं. गणवेशातल्या शाळकरी पात्रांवर हेच केलेलं असतं तेव्हा मला त्यात गंमत दिसत नाही. "चित्रच तर आहे" हे ऑफिसात ऐकून ऐकून कान किटलेत. माझी मुलगी नववीत आहे.

रोहन

---

प्रेषक: केतकी
शुक्रवार, दुपारी १:०५

रोहन, मान्य. तिथे माझी उपमा मोडते. त्या जातीची तीन पुस्तकं मी स्वतः अर्ध्यावर सोडलीत आणि ती कोणालाही दिली नाहीत, रद्दीत घातली.

तोक्योने यावर कायदा आवळायचा प्रयत्न केलाय. तरुणांसाठीचा अध्यादेश १९६४चा, त्यात २०१०च्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती झाली. अमुक पुस्तक 'अहितकर' ठरलं की अठरा वर्षांखालच्यांना विकायचं नाही. मोठे प्रकाशक इतके रुसले की तोक्योचे तेव्हाचे राज्यपाल इशिहारा यांच्या तोक्यो आनिमे मेळ्यावर त्यांनी बहिष्कार घातला. पुढे मार्च २०११च्या भूकंपामुळे मेळाच रद्द झाला. पण त्या यादीत येतात ती टोकाची पुस्तकं. आपल्या खोक्यातली अधलीमधली पुस्तकं कुठलंही सरकार चाळून देणार नाही, आपणच चाळायची.

---

प्रेषक: वैशाली
विषय: फक्त बाप्यांसाठीच का?
शुक्रवार, रात्री ९:३०

इतका वेळ गप्प होते. हे सगळं पुरुषांसाठीच असतं, असं कोणी ठरवलं?

२०१६ साली 'युरी!!! ऑन आइस' आली (तीन उद्गारचिन्हं नावातच आहेत, माझी नाहीत). हरून घरी परतलेला तेवीस वर्षांचा स्केटर, घरचा धंदा ओन्सेनचा. पहिल्याच भागाच्या शेवटी जगज्जेता व्हिक्टर त्याच्या घरच्या कुंडातून उभा राहतो, जसा आहे तसा, हात पुढे करून, आणि म्हणतो, आजपासून मी तुझा प्रशिक्षक. दिग्दर्शिका सायो यामामोतो, बाई! आम्ही तिघी मैत्रिणी किंचाळलो होतो, वरच्या मजल्यावरून काठी आपटली गेली. पण बर्फावरचे नाच खऱ्या नृत्यदिग्दर्शकाने, केंजी मियामोतोने, बसवलेले. म्हणजे ताट भरलेलं होतं, पुरी शेवटी आली.

त्यातलं गाव सागा प्रांतातल्या कारात्सुवरून घेतलंय. मी जाऊन आले. हाकाताहून गाडीने दीडेक तास. किल्ल्यापाशी फोटो काढणाऱ्या बायाच बाया, प्रत्येकीच्या पिशवीला व्हिक्टरचा बिल्ला. याला इथे 'सेइची जुनरेइ', तीर्थयात्रा म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, वारीला ये म्हटलं तर पाय दुखतात तुझे.

आणि सुहासकाका, तुमचा पंखा अगदीच चुकला नाहीये. गाण्याच्या कार्यक्रमांना पोरी उचिवा घेऊन जातात, आपला हातपंखाच. त्यावर ठळक अक्षरांत लिहितात, "डोळा मार", "बोटांनी गोळी झाड". स्टेजवरच्या पोराने वाचून तेवढं केलं की म्हणायचं, फॅनसा (फॅन सर्व्हिसच, आखूड करून) मिळाला. नियम एकच, पंखा छातीच्या वर न्यायचा नाही, मागच्यांना दिसलं पाहिजे.

वैशाली

---

प्रेषक: सुहास
शनिवार, सकाळी ५:५०

आता कळलं. बालगंधर्वांना वन्समोअर देऊन देऊन लोक नाटक पहाटेपर्यंत चालवायचे, ते आमचे आजोबा फॅनसाच मागत होते की. त्यांच्याकडे पंखा नव्हता, एवढंच.

---

प्रेषक: अनघा
विषय: खोक्याचा निकाल
रविवार, रात्री ८:१५

केतकी आणि मी आज दुपारी बसलो. एकूण त्रेसष्ट पुस्तकं. पाठीवर 'यंग' असलेली अकरा, ती मोठ्यांच्या कप्प्यात, वरच्या फळीवर. रोहन म्हणतो त्या जातीची चार निघाली, ती ठेवली नाहीत. बाकीची मुलांकडे परत. तलवारबाजीचं ते पुस्तक कुठे टाकायचं यावर आमचं भांडण झालं. केतकीचं म्हणणं, वीस खंडांत मिळून सहा पानं, सोड. माझं म्हणणं, मग ती सहा पानं नसती तरी चाललं असतं. तोडगा असा, की ते सध्या माझ्या घरी आहे आणि मी दुसऱ्या खंडावर आहे. गोष्ट बरी आहे हो.

मुलाला विचारलं, त्या पानाचं काय वाटलं. म्हणाला, "कंटाळा. मारामारी मध्येच थांबते."

अनघा

---

प्रेषक: सुहास
रविवार, रात्री ८:४०

तिसरा खंड माझ्यासाठी राखून ठेवा. आणि मिरवणुकीसाठी शंभर येनच्या दुकानातून दहा कोरे उचिवा आणलेत. माझ्यावर लिहिलंय, "ताशा, एकदा इकडे!" छातीच्या वर नेणार नाही, वैशाली.