वॉकर म्हणजे ‘चालणारा’ का?

प्रश्न : ‘वॉकर’ या इंग्रजी आडनावाचा अर्थ काय? आपल्याकडच्या जासूद, हरकाऱ्यासारखं काही असावं का?

उत्तर : नाही, हरकाऱ्याशी त्याचा संबंध नाही. वॉकर म्हणजे लोकरीचं कापड तुडवणारा.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते कुंडात टाकून, पाणी, शिळं मूत्र आणि एक प्रकारची चिकणमाती घालून पायांनी तासन्‌तास तुडवायचे. त्यानं तेल निघून जायचं, लोकर आटायची, विणीच्या फटी बुजायच्या आणि कापड थंडी अडवण्याइतकं दाट व्हायचं. या कामाचं दुसरं नाव ‘फुलर’. मुलतानी मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, तो फुलर हाच! आपण चेहऱ्याला लावतो त्याच जातीची माती ते कापडाला लावत.

आणखी एक नाव आहे, ‘टकर’. काम तेच, मुलूख वेगळा. उत्तर इंग्लंडात वॉकर, आग्नेयेला फुलर आणि नैऋत्येला डेव्हन परगण्याच्या बाजूला टकर. तिथल्या एक्झिटर शहरात या कारागिरांच्या संघाची 1471 सालची इमारत आजही ‘टकर्स हॉल’ म्हणूनच ओळखली जाते. एखाद्याचे पूर्वज कुठल्या भागातले असावेत, याचा अंदाज नुसत्या आडनावावरून बांधता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

जुन्या इंग्रजीत ‘वॉक’चा मूळ धातू घोळणे, लोळणे अशा अर्थाचा होता. पायी चालणे हा अर्थ मागाहून आला. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले, पण आडनाव राहिलं. इंग्लंडात 1377 ते 1381 दरम्यान तीनदा डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, बसली. तिच्या याद्यांत अशी धंद्यांवरची नावं भरपूर सापडतात.

प्रश्न : मग ‘वेबस्टर’सुद्धा कापडाच्याच धंद्यातलं का?

उत्तर : हो, विणकर. त्यातला ‘-स्टर’ प्रत्यय मुळात स्त्रीवाचक. वेबस्टर विणणारी, बॅक्स्टर पाव भाजणारी. पुढे ही नावं पुरुषांनाही लागली आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. ‘स्पिन्स्टर’ हा त्याच घडणीचा शब्द. आज त्याचा अर्थ अविवाहित बाई असा होतो, पण मूळ अर्थ फक्त सूत कातणारी.