पेशंट एज्युकेशनचं ॲप बनवतोय, पण पेशंट वाचतच नाहीत

प्रश्न
नमस्कार मंडळी, नव्यानेच इन्सुलिन सुरू झालेल्या पेशंटसाठी फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं टूल) ॲप करतोय. डॉक्टरांनी एक जाडजूड माहितीपुस्तिका दिली होती, ती मी धडे पाडून जशीच्या तशी ॲपमध्ये टाकली. टेस्टिंगला काही जणांना दिलं तर बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या स्क्रीनवरच थांबले आणि जे शेवटपर्यंत गेले त्यांना विचारलं की शुगर एकदम खाली गेली तर काय कराल, तर म्हणाले डॉक्टरांना फोन करू. हे ऐकून मला धसकाच बसला, कारण त्याचं उत्तर ॲपमध्ये स्पष्ट लिहिलंय. मजकूर कमी करू का व्हिडिओ टाकू? आणि अजून एक, डोसची रिमाइंडर काहींना येतच नाहीत.

उत्तर १
मी डायबेटिस एज्युकेटर आहे, रोज हेच काम. पुस्तिका विषयाप्रमाणे लिहिलेली असते हो, पण पेशंटला प्रश्न पडतो तो हातात सुई असताना, किंवा रात्री घाम फुटून हातपाय थरथरायला लागल्यावर. म्हणून पहिल्याच स्क्रीनवर एक मोठं बटण द्या, 'घाम येतोय, थरथर होतेय', आणि ते दाबलं की एवढंच: शुगर तपासा, ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा. मशीन जवळ नसेल तर तपासायला थांबू नका, साखर आधी. आणि पेशंट शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, लगेच ॲम्ब्युलन्स, हे घरच्यांसाठी वेगळं आणि ठळक लिहा.

दुसरं म्हणजे सिरिंज. ४० युनिटच्या बाटलीला (म्हणजे एका मिलीत ४० युनिट इन्सुलिन) ४० चीच सिरिंज लागते. १०० चं इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरलं तर अडीच पट डोस जातो! हे वाक्यात सांगून डोक्यात बसत नाही, तिथे दोन्ही सिरिंजचे शेजारी शेजारी फोटोच हवेत.

आणि टेस्टिंग करताना 'समजलं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'घरी गेल्यावर कसं कराल ते मला करून दाखवा' म्हणा. आम्ही याला टीच-बॅक म्हणतो. पेशंट जिथे अडखळला तिथे चूक तुमच्या स्क्रीनची समजायची, त्याची नाही.

उत्तर २
रिमाइंडरचं मी सांगतो, यात मी पण खूप दिवस घालवलेत. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना एक्झॅक्ट अलार्मची, म्हणजे अगदी ठरल्या मिनिटाला वाजायची, परवानगी आपोआप मिळत नाही. फोन रीस्टार्ट झाला की लावलेले अलार्म उडतात, ते परत लावायचा कोड आहे का बघा. काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात ॲपच बंद करतात, त्याची सेटिंग पेशंटला पहिल्या दिवशी सोबत बसून करून द्या.

बाकी धडे आणि ऑडिओ फोनमध्येच साठवा, नेट नसताना चाललंच पाहिजे. फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करून प्रत्येक स्क्रीन बघा, आमचं 'पुढे' बटण तेव्हा स्क्रीनबाहेर गेलेलं. डायबेटिसने डोळ्यांवर परिणाम झालेले पेशंट असतात त्यामुळे करड्यावर करडी अक्षरं अजिबात नकोत, अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ ठेवा.

प्रश्नकर्ता
ताई, दादा, मनापासून आभार. घामाचं बटण आजच करायला घेतो. शुगरचा आकडा टाकला की ॲपने किती युनिट घ्यायचे ते सांगावं असं पण डोक्यात होतं, ते टाकू का?

उत्तर १
नको, निदान आत्ता तरी नको. डोस सांगायला लागलात की बऱ्याच देशांत ते ॲप वैद्यकीय उपकरण धरलं जातं, त्याची मंजुरी, तपासण्या सगळं वेगळं. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस पेशंटला टाकून ठेवता येईल आणि त्याच्या वेळेला समोर दिसेल एवढंच करा. ते बटण झालं की आधी घरच्यांच्या हातात फोन देऊन बघा, कारण शुगर खाली गेल्यावर पेशंटला स्वतःला बटण सापडेलच असं नाही.