मदत हवी आहे: पानं-फुलं काढताना रेघ केसाळ येते, एका दमात कशी काढायची?

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, शाळेत विज्ञान शिकवते. जास्वंदाच्या फुलाचा उभा छेद फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की खडू टेकवला की पाकळी वर जाऊन, वळून खाली येते, मधे हात कुठेच थांबत नाही. पण दिवाळीनंतर ए फोर स्केचबुक आणि ०.३ चं काळं पेन घेतलं, आता दर रविवारी सकाळी महाराजबागेत नाहीतर सेमिनरी हिल्सला जाऊन बसते, आणि खरं झाड समोर आलं की तोच हात अडखळून राहिला आहे. जिथे एक सलग कड हवी तिथे पंधरावीस बारक्या रेघा एकावर एक, पानाला केस फुटल्यासारखं दिसतं.

रोज एक पान भरून सरळ रेघा, गोल, लंबगोल काढते. पेन टेकवायच्या आधी हवेतच दोनतीनदा हात फिरवून घेते. त्यानं गोल बरेच सुधारले, पण पळसासमोर बसली की पुन्हा तेच. पळसाला पानं तीन हे लहानपणापासून ऐकतो ना आपण, तर मी मधलं काढलं आणि बाजूची दोन अगदी नीटनेटकी, दोन्ही अंगांनी सारखी काढून मोकळी झाली. नंतर पान हातात घेऊन पाहिलं तर मधलं मोठं, आणि बाजूचं प्रत्येक पान स्वतःच वाकडं, शिरेच्या एका अंगाला पोट सुटलेलं, दुसऱ्या अंगाला कमी. एवढी वर्षं पाहूनही हे दिसलं नव्हतं.

विचारायचं हे की मांडीवर वही असताना हात खांद्यातून कसा हलवायचा? आधी पेन्सिलनं काढून घेऊ का? आणि पान मुरडलेलं असेल तर काय करायचं? फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलेल, तेव्हा झाडावर पानं जवळजवळ नसतात, नुसती फुलं आणि त्या काळपट मखमली कळ्या. त्या मला यंदा नीट काढायच्याच आहेत.

प्रतिसाद
ताई, फळ्यासमोर तुम्ही उभ्या असता, मनगट टेकलेलं नसतं, म्हणून अख्खा हात फिरतो. वहीवर तळहात टेकला की मनगट कंपासच्या टोकासारखं रुतून बसतं, कमान दोनतीन इंचांत संपते आणि पेन उचलावंच लागतं. ए थ्री कागद घ्या, पॅडला क्लिपनं लावून गुडघ्यावर तिरपा धरा, फक्त करंगळीचं नख कागदावरून सरकू द्या.

पण मला विचाराल तर हे अर्धंच कारण आहे. फळ्यावरचं फूल तुम्हाला पाठ आहे, रेघ कुठे संपणार ते खडू टेकवायच्या आधीच ठाऊक असतं. बागेत तुम्ही रेघ सुरू करता आणि मग वाट शोधता. म्हणून आधी देठापासून टोकापर्यंत मधली शीर, पान जसं वळलंय तशी, एकाच रेघेत. मग सगळ्यात रुंद जागी दोन्हीकडे एकेक ठिपका. मग कड ओढायची, आणि ओढताना नजर जिथे पोचायचंय तिथे ठेवायची, पेनच्या टोकावर नाही. बिघडली तर वरून दुरुस्ती करू नका, शेजारी नवीन पान काढा. पेन्सिल ठिपक्यांपुरतीच, कारण सगळं काढून घेतलं की पेननं नुसतं गिरवणं होतं आणि गिरवलेली रेघ थरथरते.

मुरडलेलं पान काचेचं आहे असं समजा आणि मधली शीर घडीच्या आतूनही हलकी चालू ठेवा, म्हणजे पलीकडे ती बरोबर जागी निघते. नाहीतर पान मोडल्यासारखं दिसतं.

प्रतिसाद
जास्वंद काढणार असाल तर एक पहा, पाचही पाकळ्यांची एक कड शेजारणीच्या वर असते, दुसरी खाली. वरची कड आधी काढा, झाकलेली तिथे येऊन आपोआप थांबते.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज ए थ्री घेऊन घरच्या कुंडीतल्या अळूसमोर बसली. नऊ पानं काढली, सहा बिघडली, पण सातव्याची एक कड खालपासून टोकापर्यंत एका रेघेत आली आणि मी ती बराच वेळ पाहत बसली. बिघडत का होतं तेही कळलं, मी देठ पानाच्या कडेला जोडत होती आणि अळूचा देठ पानाच्या मागून, थोडा आत चिकटलेला असतो. तिथून एक जाड शीर टोकाकडे जाते आणि दोन मागच्या दोन्ही कानांकडे. यातली कुठली आधी घेऊ?

प्रतिसाद
टोकाकडची. मग कानांच्या दोन्ही, पण कड काढायच्या आधी.